गजाआडचा एचआयव्ही

१९९४मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यावेत की नाही, यावरून वाद पेटला. डॉक्टरांची शिफारस होती, प्रशासनाचा नकार. पुरुषांमधले लैंगिक संबंध तेव्हा कलम ३७७खाली गुन्हा होते. निरोध वाटणे म्हणजे गुन्ह्याला संमती देणे, असा युक्तिवाद झाला. 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' ही संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. म्हणजे ३७७विरुद्धची न्यायालयीन लढाई सुरू झाली ती तुरुंगातल्या आरोग्याच्या प्रश्नावरून!

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. चारच दिवसांनी एचआयव्ही-एड्स प्रतिबंध कायदा लागू झाला. संसर्गाचा धोका कमी करणारे उपाय हा गुन्हा ठरणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. कायद्याची अडचण अशी दूर झाली. तुरुंगाच्या दारात निरोधाचा विषय आजही अडखळतो, तो संकोचामुळे.

देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. कैद्यांमध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास दहापट. अनेकांना लागण बाहेरच झालेली असते, कारण सुईने नशा करणारे पोलिसांच्या हाती वरचेवर लागतात. पण आत आल्यावर धोका संपत नाही. चोरून आणलेली एकच सुई अनेकांत फिरते, त्याच त्या सुईने गोंदवून घेतले जाते. शरीरसंबंध येतात, कधी जबरदस्तीनेही. एका बराकीत झोपल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने मात्र एचआयव्ही होत नाही. बाधितांना वेगळे कोंडण्याला म्हणूनच काही वैद्यकीय आधार नाही.

ज्या तिहारने निरोध नाकारले, त्याच तिहारमध्ये २००८मध्ये अफूजन्य नशेच्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन देणे सुरू झाले. ही गोळी देखरेखीखाली जिभेखाली ठेवतात. तलफ आटोक्यात येते, सुईची गरजच उरत नाही. 'नशेच्या बदल्यात नशाच' अशी टीका यावर होते; पण मधुमेह्याला रोज इन्सुलिन देताना आपण असे म्हणतो का?

दुसरा मोठा उपाय म्हणजे तपासणी, तीही कैद्याच्या संमतीने आणि निकाल गुप्त ठेवून. बाधिताला मोफत एआरटी मिळते. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

घोडे अडते ते सुटकेच्या दिवशी. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत. जामीन अचानक होतो, माणूस संध्याकाळी बाहेर पडतो आणि गोळ्या आतच राहतात. औषध थांबले की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, तोवर तो घरी पोहोचलेला असतो. सुटताना हातात महिन्याभराच्या गोळ्या आणि गावाजवळच्या एआरटी केंद्राची चिठ्ठी असेल, तर हा खंड टळतो. चिठ्ठी मिळाली नसेल, तर घरच्यांनी १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळचे केंद्र विचारावे.