भोंगा वाजला, पण त्याला कळलं का?



३१ डिसेंबर २०२३. मध्यरात्र उलटलेली. आपल्या वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. कामगार आतच झोपलेले होते. सहा जणांचा जीव गेला.

आगीत सगळा हिशेब मिनिटांचा असतो. कुणी ओरडतं, भोंगा वाजतो, माणसं पळतात. पण तुमच्याकडे पॅकिंगला असलेल्या मुलाला ऐकूच येत नसेल तर?

"मग असा माणूस ठेवायलाच नको," असं मनात आलं? थांबा. मुंबईत सुरू झालेल्या मिरॅकल कुरियर्सने कर्णबधिर तरुणांना सोबत घेऊनच धंदा उभा केला. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण ठेवायला सांगतो. माणूस नाकारू नका, व्यवस्था बदला. कशी? बघा.

१. दिवा लावा. भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा बसवा. फक्त काउंटरवर नाही. गोडाऊन, मशीनमागे आणि संडासातही. माणूस एकटा असतो तिथेच दिवा हवा. त्याला बॅटरी बॅकअप असू द्या, कारण आगीत मेन स्विच आधी बंद होतो.

२. जोडीदार ठरवा. धुरात दिवा दिसत नाही. म्हणून खांद्यावर हात ठेवून बाहेर नेणारा माणूस ठरलेला हवा. एक नाही, दोन. एक जण सुट्टीवर गेला तर?

३. खुणा शिका. 'आग', 'बाहेर चल', 'थांब' या खुणा त्या कर्मचाऱ्यालाच विचारा आणि सगळ्या स्टाफला शिकवा. तोंडाला मास्क असेल तर ओठ वाचता येत नाहीत.

४. उलटाही विचार करा. आग त्यालाच आधी दिसली तर तो इतरांना कसं सांगणार? भोंग्याचं बटण त्याच्या हाताशी ठेवा.

५. आत कुणी झोपत असेल तर आधी ते बंद करा. रात्रपाळीत झोपणं टळतच नसेल, तर उशीखाली थरथरणारा अलार्म द्या. दार बाहेरून कुलूपबंद नको.

आता या आठवड्यात एक सराव घ्या, तोही आवाज न करता. भोंगा नाही, आरडाओरडा नाही. फक्त दिवा, खुणा आणि जोडीदार. मग बाहेर उभं राहून माणसं मोजा. एक जरी कमी भरला, तर तुमची व्यवस्था अजून अर्धीच आहे.