‘मुस्तफा’ दुर्मिळ नव्हता : पार्लरमधील खेळांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत ज्यांचे शालेय वय 1990च्या दशकात गेले, त्यांच्या तोंडून एक समजूत आजही ठामपणे ऐकू येते. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘स्ट्रीट फायटर 2’ची जी चमत्कारिक आवृत्ती होती, जिच्यात उडी मारून हवेतूनही आगीचे गोळे फेकता येत आणि लढत रंगात असताना स्टार्टचे बटण दाबून आपला लढवय्याच बदलता येई, ती म्हणे कंपनीने बाजारात कधी न आणलेली चाचणी-आवृत्ती होती आणि तिचे मशीन आज कोणाच्या गोदामात निघाले, तर परदेशी संग्राहक त्यासाठी लाखो रुपये मोजतील. यातील खेळाचे वर्णन अचूक आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पूर्णपणे चुकीचा आहे.

संग्राहक ज्याला प्रोटोटाइप म्हणतात, तो नवा खेळ ठरावीक पद्धतीने जन्माला येतो. कंपनी त्याची मोजकी मशीने तयार करते, ती सहसा स्वतःच्या कारखान्याजवळच्या पार्लरमध्ये काही काळ ठेवते आणि पेटीत पडलेली नाणी मोजून पुढील उत्पादनाचा निर्णय घेते. 1972 साली अटारीचा ‘पाँग’ कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे एका मद्यगृहात असाच ठेवला गेला होता आणि नाण्यांनी पेटी तुंबल्यामुळे तो बंद पडला. जे खेळ या परीक्षेत नापास होतात, तेच पुढे दुर्मिळ ठरतात. अटारीच्याच ‘अक्का अर्‍ह’ या 1982 सालच्या खेळाची जगात केवळ तीन मशीने ज्ञात आहेत. 1991चा ‘मार्बल मॅन’ही चाचणीतच बाद झाला, आणि त्याच सुमारास आलेल्या ‘स्ट्रीट फायटर 2’सारख्या खेळांपुढे त्याचा निभाव लागला नाही, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. कारखान्याच्या आसपासच फिरून परत गेलेली अशी तीन-चार मशीने मराठवाड्यातील एका पार्लरपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली असतील, याचा विचार ही समजूत सांगणाऱ्यांनी निदान एकदा तरी करायला हरकत नाही.

हवेतून गोळे फेकणारी आवृत्ती चाचणीची नव्हे, तर चोरीची होती. 1992 साली कॅपकॉम कंपनीच्या ‘चॅम्पियन एडिशन’मधील आज्ञावलीत परस्पर फेरफार करून तैवानमधून अशा नकली बोर्डांचा सुळसुळाट झाला आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती ‘रेनबो’ या नावाने ओळखली गेली. जुन्या पार्लर-खेळांचे जतन करणाऱ्या, 1997 साली सुरू झालेल्या ‘मेम’ या प्रकल्पाच्या यादीत ‘अक्का अर्‍ह’पुढे प्रोटोटाइप अशी नोंद आहे, तर ‘रेनबो’पुढे नकली प्रत अशी, शंका असणाऱ्यांनी ती यादी उघडून पाहावी. कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतील जेम्स गोडार्ड यांनी नंतर मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, डिसेंबर 1992मध्ये आलेली वेगवान ‘हायपर फायटिंग’ ही आवृत्ती या नकलांना दिलेले उत्तरच होती. ज्या मालाला मूळ कंपनीला उत्तर द्यावे लागले, तो दुर्मिळ कसा असेल?

‘मुस्तफा’ची गोष्टही याहून फार वेगळी नाही. भारतभर या नावाने ओळखला गेलेला खेळ म्हणजे कॅपकॉमचा 1993चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ होय. पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो हा त्यातील चार नायकांपैकी एक. हा खेळ घरगुती यंत्रांसाठी अधिकृतपणे निघाला नाही, त्यामुळे तो दुर्मिळ वाटतो. प्रत्यक्षात त्याचे बोर्ड मोठ्या संख्येने विकले गेले आणि त्याच्याही नकला निघाल्या. चिपवर हाताने लिहिलेली चिठ्ठी हा अनेकदा पुरावा म्हणून पुढे केला जातो, पण चिठ्ठी नकला करणाऱ्यांनाही लिहिता येत होती. म्हणून जाणकार संग्राहक चिपमधील मजकूर वाचून तो ज्ञात आवृत्त्यांशी ताडून पाहतात.

खरा प्रोटोटाइप कपाटात बंद ठेवला की सुरक्षित राहतो, हाही भ्रमच आहे, कारण त्याची आज्ञावली बहुधा ईप्रॉम चिपमध्ये, म्हणजे अतिनील किरणांनी पुसता येणाऱ्या स्मृतीत असते आणि तिच्यातील विद्युतभार काळाच्या ओघात गळत जातो. ‘अक्का अर्‍ह’ची प्रत 2019मध्ये आणि ‘मार्बल मॅन’ची 2022मध्ये बाहेर फुटली, तेव्हा काही संग्राहक संतापले, परंतु खेळ वाचला तो त्या फुटीमुळेच, हे नाकारता येत नाही.

1981 साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात मुलांना वेड लावणारे ‘पॉलिबियस’ नावाचे सरकारी मशीन होते, या दंतकथेला त्या काळातील एकाही छापील नोंदीचा आधार सापडलेला नाही. खेळ जुना झाला म्हणून तो कोणीही विकावा, हेही खरे नाही : भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-आज्ञावली साहित्यकृतीत मोडते आणि साहित्यकृतीचे संरक्षण निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकते, त्यामुळे 1993चा ‘मुस्तफा’ अजून कितीतरी काळ कोणाच्या तरी मालकीचाच राहणार आहे.