पाय गमावलेल्या कामगारासाठी वर्गणी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत, तसेच माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांत एखाद्या कामगाराचा पाय कापावा लागला, तर सोबतचे कामगार पगाराच्या दिवशी वर्गणी काढतात. जॉबर वही घेऊन फिरतो, बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवणारे आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात, मालकही काही टाकतो. काही महिन्यांनी, कृत्रिम पाय बसवूनही चालणे जमत नाही असे दिसले, की ‘मोठे ऑपरेशन’ करण्यासाठी दुसरी वर्गणी निघते. या दुसऱ्या वर्गणीमागच्या समजुती बऱ्याचदा चुकीच्या असतात.

त्यातली पहिली समजूत अशी, की चालता येत नाही म्हणजे शस्त्रक्रियाच हवी. चालणे अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण सॉकेट हे असते. पायाचा उरलेला भाग, म्हणजे स्टंप, ज्या कपात बसतो ते सॉकेट. पाय कापल्यानंतरचे पहिले वर्षभर, काहींच्या बाबतीत दीड वर्षापर्यंत, स्टंपची सूज उतरत जाते, स्नायू बारीक होतात आणि सुरुवातीला घट्ट बसलेले सॉकेट सैल पडते. मग स्टंप आत सरकतो, हाडाच्या टोकावर भार येतो, कातडी सोलवटते. सकाळी नीट बसलेला पाय संध्याकाळी निसटू लागला, तर बहुधा दिवसभरात स्टंप बारीक झालेला असतो. तेव्हा आणखी एक मोजा चढवावा लागतो. मे महिन्यात, पत्र्याखालच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करणाऱ्याच्या सॉकेटमध्ये घाम साचतो. दोन साच्यांमधल्या, म्हणजे मागांमधल्या, गल्लीत तर अंग तिरके करूनच वळावे लागते. पायाची लांबी किंवा कोन थोडा जरी चुकला असेल तर तो तिथे लगेच जाणवतो. यातले बरेचसे दोष सॉकेट बदलून, कोन दुरुस्त करून आणि चालण्याचा सराव घेऊन जातात. त्यासाठी चाकू लागत नाही.

घरच्या मायेतूनही एक चूक हमखास होते. दुखते म्हणून स्टंपखाली उशी दिली जाते. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस आठवडेच्या आठवडे असा झोपला, तर गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. मांडीतून कापला असेल तर खुबा आखडतो. आखडलेल्या सांध्यावर उत्तम कृत्रिम पायही सरळ उभा राहत नाही. गुडघा सरळ ठेवणे, दिवसातून काही वेळ पालथे झोपणे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधणे आणि व्यायाम, हे सगळे पहिल्या दिवसापासून लागते. वर्गणीच्या वहीत मात्र त्यासाठी रकाना नसतो.

शस्त्रक्रिया खरोखर लागते अशा अवस्थाही आहेत. हाडाच्या टोकाला काटा वाढणे, कातडी हाडाला चिकटणे, जंतुसंसर्ग आत मुरणे, व्यायामाने न सुटणारा आखडलेला सांधा, किंवा कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला झालेली दुखरी गाठ, या त्या अवस्था. कारण नेमके ठरले, तर स्टंपची दुरुस्ती केल्याने चालण्यात मोठा फरक पडतो. नसलेल्या पायात होणारी वेदना वेगळी. तिला भ्रामक अवयव-वेदना म्हणतात. ती मेंदू आणि मज्जातंतूंच्या पातळीवरची खरी वेदना आहे, नाटक नव्हे. पण नुसते हाड पुन्हा कापल्याने ती थांबेल असे नाही. तिच्यावर औषधे आणि आरशासमोर करायचे व्यायाम असे उपचार आहेत. गुडघा शाबूत असेल तर तो वाचवण्यावर डॉक्टरांचा भर असतो, कारण मांडीतून पाय गेलेल्या माणसाची चालताना कितीतरी जास्त दमछाक होते.

हाडात बसवायच्या पायाबद्दलही बरेच ऐकायला मिळते. या पद्धतीत टायटॅनियमचा दांडा मांडीच्या हाडात रोवतात आणि त्याचे टोक कातडीबाहेर काढून त्याला कृत्रिम पाय जोडतात, त्यामुळे सॉकेटची गरज राहत नाही. स्वीडनमध्ये 1990 साली ती मांडीच्या स्टंपवर प्रथम वापरली गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका प्रणालीला डिसेंबर 2020 मध्ये पूर्ण मान्यता दिली. सॉकेट कोणत्याही प्रकारे सोसत नसलेल्या निवडक रुग्णांना तिचा उपयोग होतो. पण दांडा बाहेर येतो तिथले भोक जन्मभर उघडे राहते, जंतुसंसर्गाचा धोका कायमचा असतो आणि भार देण्याचा सराव महिनोन्‌महिने चालतो. धूळ, तेल आणि कापसाच्या तंतूंनी भरलेल्या जागेत काम करणाऱ्याने, किंवा मधुमेह असलेल्या वा धूम्रपान करणाऱ्या माणसाने हा पर्याय धरण्याआधी फार विचार करावा. शिवाय बाहेरचा पाय वेगळा विकत घ्यावाच लागतो.

“महाग पाय म्हणजे चांगला पाय” ही समजूत जयपूर फूटने कधीच खोडून काढली आहे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला हे रबरी पाऊल घडवले. उकिडवे बसणे, अनवाणी चालणे, चिखलात उतरणे, या इथल्या सवयी त्यात गृहीत धरल्या होत्या. 1975 मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती ते मोफत बसवते. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारी कार्यशाळा एकाच आवारात आहेत. शस्त्रक्रिया हवी की सॉकेट, हे ठरवायला अशीच जागा योग्य, कारण एकट्या शल्यचिकित्सकाला सॉकेटचा दोष दिसेलच असे नाही. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत महिना 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला साधन पूर्ण मोफत आणि 30,000 पर्यंत अर्ध्या किमतीत मिळते.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिचा सगळा खर्च वर्गणीतूनच करावा लागेल हेही खरे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना आहे, पांढऱ्या कार्डालाही. आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अर्थात ठरवून दिलेल्या उपचारांनाच आणि योजनेतल्याच रुग्णालयांत. त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. “कार्ड गावचे आहे, इथे चालणार नाही” असे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार समजून चालतात. प्रत्यक्षात गावच्या आयुष्मान कार्डावर महाराष्ट्रातल्या संलग्न रुग्णालयातही उपचार मिळतात. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार आहे. मोठ्या, चकचकीत रुग्णालयांच्या पाटीवरही ‘धर्मादाय’ शब्द असतो, तो वाचावा.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हक्काच्या पैशांबद्दल आहे. “मीटरवर पैसे मिळतात, हजेरीपुस्तकात नाव नाही, म्हणजे काही मिळणार नाही,” असे यंत्रमाग कामगार सहज म्हणतो. कामाच्या मापावर मजुरी घेणाराही कायद्याने कामगारच असतो. आस्थापना कर्मचारी राज्य विम्याखाली येत असेल, तर कामावरच्या अपघाताचा लाभ मिळण्यासाठी ठरावीक महिने हप्ते भरलेले असण्याची अट नसते. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे 90 टक्के, आणि कायमच्या अपंगत्वात कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात जन्मभर रक्कम मिळते. पुन्हा कामावर रुजू झाल्याने ती बंद होत नाही. विम्यातून कृत्रिम अवयवही मिळतो. 10 पेक्षा कमी माणसांचा कारखाना सहसा विम्याबाहेर राहतो, पण तिथे मालकावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. 1923 च्या कायद्यातल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. टक्केवारीही निव्वळ शरीराची मोजत नाहीत. डावा हात कोपरावरून गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये पूर्ण अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. दिवसभर साच्यांमध्ये उभे राहणाऱ्याच्या पायालाही हाच विचार लागू पडतो.

इथे सहकाऱ्यांच्या खिशातल्या पैशांपेक्षा त्यांची साक्ष मोलाची ठरते. अपघात कोणत्या साच्यावर, किती वाजता झाला, त्या पाळीत कोण होते, जखमी माणूस तिथे किती वर्षे काम करत होता, हे लिहून, सह्या करून ठेवले, तर पुस्तकात नाव नसलेल्या माणसाचे नाते कारखान्याशी जोडता येते. मालकाने दवाखान्याचे बिल भरले म्हणून हा हक्क संपत नाही. घाईत कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा मात्र देऊ नये.

अपघात कारखान्यात न होता रस्त्यावर झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून पुढच्या खर्चाचीही भरपाई मागता येते. दावे करताना नेमके हेच कलम राहून जाते. तिकीट किंवा पास असलेला प्रवासी लोकलमधून पडला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे साधारण एका वर्षात अर्ज करावा लागतो. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र त्यात बसत नाही.

एवढे सगळे पाहूनही वर्गणीला काम उरतेच. भिवंडीहून हाजी अलीला जायचे म्हणजे ठाण्यापर्यंत रिक्षा किंवा बस, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी. आणि मापापासून सरावापर्यंत अशा अनेक फेऱ्या. लोकलचा दिव्यांग डबा असला तरी सोबत एक माणूस लागतो, आणि त्याचीही पाळी बुडते. त्या दिवसांची मजुरी, खोलीचे भाडे, गावी पाठवायचे पैसे, मोजे आणि सॉकेटची दुरुस्ती हे खर्च बहुतेक योजनांत बसत नाहीत. शस्त्रक्रियेपुरती रक्कम असेल, तर ती थेट रुग्णालयाच्या खात्यात, केस पेपरचा क्रमांक टाकून भरावी. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळून 50 हजारांवर रक्कम वैयक्तिक खात्यात आली, तर ती सामान्यतः करपात्र उत्पन्नात धरली जाते. कामगाराचे एकूण उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर कर लागत नाही, पण हिशेबाची वही नीट ठेवावी.

राहिला प्रश्न नोकरीचा. अपंगत्व आल्यावर कामावरून काढता येत नाही, हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातला नियम सरकारी आस्थापनांना लागू आहे; खासगी कारखान्याच्या मालकावर तो तसाच बंधनकारक नाही. म्हणून बसून करायच्या कामाची, कांडी भरण्याची किंवा कापड तपासण्याच्या टेबलाची जागा मालकाशी बोलून आधीच ठरवून घ्यावी लागते. ते बोलणे जखमी माणसाने एकट्याने करण्यापेक्षा सगळ्या पाळीने मिळून करणे सोपे जाते.