ब्रेक पॅडची निवड (रोजच्या वापरातील स्पोर्ट्स कार)

ब्रेक पॅड म्हणजे डिस्क ब्रेकमधील फिरत्या चकतीवर दोन्ही बाजूंनी दाबला जाणारा आणि घर्षणाने वाहनाचा वेग कमी करणारा, झिजल्यावर बदलता येणारा भाग होय. पोलादी पाठपट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेले घर्षणद्रव्य अशी त्याची रचना असते. चालकाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकतो व पॅड चकतीला भिडतो. सामान्य मोटारीत कंपनीने बसवलेलाच पॅड पुन्हा बसवणे पुरेसे असते. परंतु एखादी स्पोर्ट्स कार रोज कामावर जाण्यासाठी आणि सुटीच्या दिवशी घाटरस्त्यावर किंवा शर्यतीच्या ट्रॅकवरही वापरली जात असेल, तर पॅडची निवड विचारपूर्वक करावी लागते. या दोन वापरांत पॅडचे तापमान इतके भिन्न असते की एकाच घर्षणद्रव्याकडून दोन्ही ठिकाणी उत्तम कामाची अपेक्षा धरता येत नाही.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. १,५०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ५.८ लाख जूल असते. एवढ्या उष्णतेने जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी २०० किलोमीटर, केला तर ऊर्जा चौपट होऊन २३ लाख जूलपर्यंत जाते. म्हणूनच ट्रॅकवर लागोपाठ वेग वाढवून कमी करणाऱ्या मोटारीच्या चकत्या ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतात. याउलट शहरातील रहदारीत त्याच चकत्या बहुधा २०० अंशांच्या आतच राहतात.

घाट उतरणे हे वेगळेच प्रकरण आहे. तेथे वेग कमी असला तरी ऊर्जा सतत निर्माण होत राहते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना मोटार सुमारे ५०० मीटर खाली येते. वरील वजनाच्या मोटारीची स्थितिज ऊर्जा त्यात ७० लाख जूलहून अधिक घटते, म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून बारा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. हा सर्व भार ब्रेकवर टाकण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरून इंजिनाकडून वेग आवरून घेण्याची जुन्या चालकांची रीत शास्त्रशुद्ध आहे आणि कितीही महाग पॅड बसवला तरी ती सोडू नये.

वस्तुमानाचा परिणामही मोठा आहे. माझ्दा एमएक्स-५ ही दोन आसनी मोटार सुमारे १,१०० किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर निस्सान जीटी-आर सुमारे १,७५० किलोग्रॅमची आहे. पहिलीला पुरून उरणारा पॅड दुसरीला ट्रॅकवर काही फेऱ्यांतच अपुरा पडू शकतो.

इतिहास

इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले. त्यांच्या रचनेत तांब्याचे अस्तर धातूच्या चकतीवर घासत असे व त्याचा कर्कश आवाज होई. त्याच सुमारास डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड घर्षणद्रव्यांवर काम करीत होते. उतारावर घोडागाडीच्या ब्रेकला जुने बूट ठोकलेले पाहून त्यांना या विषयाचा विचार सुचला, असे सांगितले जाते. त्यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या उद्योगाचे ‘फेरोडो’ हे नाव त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांत एक अक्षर मिसळून व त्यांची उलटापालट करून तयार झाले आहे. पुढे ॲस्बेस्टॉसचे तंतू हा ब्रेकच्या अस्तराचा मुख्य घटक बनला. उष्णतेला तो दाद देत नसे. मात्र त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये ही बंदी १९९९ मध्ये पूर्ण झाली.

डिस्क ब्रेकला खरी प्रतिष्ठा मिळाली ती फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत. १९५३ मध्ये डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने ती शर्यत जिंकली. १९५५ च्या सिट्रोएन डीएस या मोटारीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते.

घर्षणद्रव्याचे प्रकार

पॅडचे घर्षणद्रव्य एकाच पदार्थाचे नसते. तंतू, धातूची भुकटी, ग्रॅफाइटसारखे वंगण, अपघर्षक कण आणि या सर्वांना बांधून ठेवणारी फिनॉलिक राळ यांचे ते मिश्रण असते. नेमके प्रमाण उत्पादक गुप्त ठेवतात.

सेंद्रिय पॅड मऊ व शांत असतात, चकतीला जपतात, पण जास्त तापमानाला लवकर निष्प्रभ होतात. अर्धधातवीय पॅडमध्ये वजनाच्या सुमारे ३० ते ६५ टक्के धातू असतो. ते उष्णता अधिक सोसतात, परंतु आवाज व काळी धूळ अधिक करतात. सिरॅमिक पॅडची धूळ फिकट व कमी असते आणि रोजच्या वापरात ते फार सुखद वाटतात. मात्र रस्त्यासाठी बनवलेले बहुतेक सिरॅमिक पॅड ट्रॅकसाठी योग्य नसतात. त्यांच्या नावावरून अनेकांची फसगत होते. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ वर दिलेल्या सिरॅमिक-संयुक्त चकत्या ही पूर्णतः निराळी वस्तू आहे आणि त्या चकत्यांना त्यांच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात.

थंड पॅडचा धोका

शर्यतीचा पॅड रोजच्या मोटारीत बसवला तर काय बिघडते, हा प्रश्न उत्साही तरुणांकडून नेहमी विचारला जातो. शर्यतीसाठीचे घर्षणद्रव्य उच्च तापमानात टिकावे अशा रीतीने बनवलेले असते. त्यांतील अनेकांचा घर्षण गुणांक तापमान पुरेसे वाढल्यानंतरच अपेक्षित पातळी गाठतो. सकाळी घरातून निघालेल्या मोटारीचा पॅड थंड असतो, आणि पहिल्याच चौकात एखादे मूल आडवे आले तर पेडल दाबूनही मोटार अपेक्षेपेक्षा पुढे जाते. पॅड गरम करण्याची संधी रस्ता देत नाही. शिवाय असे पॅड थंड असताना चकती अक्षरशः खरवडतात. त्यामुळे रोजच्या मोटारीसाठी पहिली कसोटी ‘किती तापमान सोसतो’ ही नसून ‘पहिल्या दाबाला कसा धरतो’ ही असली पाहिजे.

पावसाळ्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. चकतीवर पाण्याचा पातळ थर असतो व रात्रभर उभ्या मोटारीच्या बिडाच्या चकतीवर गंजाचा तांबूस पापुद्रा येतो. पहिल्या काही दाबांत तो निघून जातो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर संततधारेत वाहन चालवताना रस्ता मोकळा पाहून अधूनमधून पेडल हलके दाबावे. त्याने चकती कोरडी राहते.

थांबण्याचे अंतर व एक गैरसमज

जास्त घर्षणाचा पॅड बसवला की मोटार कमी अंतरात थांबते, ही समजूत अर्धीच खरी आहे. सुस्थितीतील आधुनिक मोटारीचे मूळ ब्रेकही कोरड्या रस्त्यावर चाक घसरण्याच्या सीमेपर्यंत नेऊ शकतात. तेथे एबीएस प्रणाली हस्तक्षेप करते. त्यापुढे अंतर ठरवतो तो टायर. चांगल्या टायरवर ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबण्यास सुमारे ४० मीटर लागतात. चालकाला धोका ओळखून पेडल दाबण्यास एक सेकंद लागला तर तेवढ्यात मोटार २८ मीटर पुढे गेलेली असते. चांगल्या पॅडचा लाभ पहिल्या थांब्यात नव्हे, तर दहाव्या थांब्यात दिसतो: तापल्यावरही त्याचे घर्षण टिकून राहते. झिजलेले टायर ठेवून महाग पॅड घेणे हा पैशाचा अपव्यय होय.

पुढच्या चाकांचे पॅड तेवढे बदलून फार जास्त घर्षणाचे बसवले तर पुढील व मागील ब्रेकमधील समतोल ढळतो. मागे तसे केले तर मागील चाके आधी घसरून मोटार गिरकी घेण्याचा संभव वाढतो. शक्यतो चारही चाकांना एकाच मालिकेचे पॅड बसवावेत.

पॅडवरील अक्षरे

पुष्कळशा पॅडांच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. अमेरिकी अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेच्या पद्धतीनुसार पहिले अक्षर सामान्य तापमानातील आणि दुसरे उच्च तापमानातील घर्षण गुणांक दर्शवते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफई’ असा पॅड तापल्यावर ढिला पडतो, तर ‘एफएफ’ दोन्ही स्थितींत जवळपास समान राहतो. मात्र ही चाचणी लहानशा तुकड्यावर व सुमारे ३४० अंश सेल्सिअसपर्यंतच होते, म्हणून ट्रॅकवरील वर्तनाचा अंदाज तिच्यावरून बांधू नये. युरोपात विकल्या जाणाऱ्या बदली पॅडांना संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ९० लागू असतो. त्यानुसार त्यांची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के अंतराच्या आत असावी लागते. शर्यतीचे अनेक पॅड या कसोटीसाठी बनवलेले नसतात आणि तसे ते खोक्यावर लिहिलेलेही असते. ते वाचण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही.

ब्रेक ऑइल

पॅड तापला की ती उष्णता दट्ट्यावाटे ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल तळाला जाते. पॅड निष्प्रभ झाल्यास पेडल घट्ट राहते पण मोटार थांबत नाही. ऑइल उकळल्यास पेडलच मऊ पडते. हा फरक चालकाला ठाऊक असावा. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, परंतु ते हवेतील आर्द्रता शोषून घेते व पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० व १८० आहेत. डॉट ५ हे सिलिकॉनयुक्त असल्याने नाव सारखे असले तरी ते यांत मिसळू नये. दमट किनारपट्टीवर राहणाऱ्याने पॅडच्या आधी ऑइल बदलावे, असा सल्ला द्यावासा वाटतो.

पॅड रुळवणे

नवा पॅड बसवल्यावर त्याच्या द्रव्याचा अतिशय पातळ व एकसारखा थर चकतीवर चढावा लागतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मोटार हळू करावी आणि नंतर ब्रेक न लावता काही अंतर चालवून चकत्या निवू द्याव्यात. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहिल्यास पॅडचा ठसा चकतीवर उमटतो. पुढे स्टिअरिंग थरथरू लागले की ‘चकती वाकली’ असे गॅरेजमध्ये सांगितले जाते. पुष्कळदा तो असमान थराचाच परिणाम असतो. उत्पादकाने याहून वेगळी रीत दिली असल्यास ती पाळावी.

आवाज, धूळ व झीज

ब्रेकची किंकाळी ही पॅड व चकती यांच्या कंपनांतून उत्पन्न होते. पॅडच्या पाठीमागील पातळ पत्रा व विशिष्ट ग्रीस तिला आवर घालतात. ग्रीस चुकूनही घर्षणपृष्ठावर लागू देऊ नये. वेगळ्या प्रकारची चिरचिर, ब्रेक न लावताही ऐकू येणारी, बहुधा झीजदर्शक धातूच्या पट्टीची असते. घर्षणद्रव्याची जाडी सुमारे ३ मिलिमीटर उरली की पॅड बदलावा. ट्रॅकवर जाणाऱ्याने याहून आधीच, कारण पातळ पॅडमधून उष्णता लवकर पलीकडे जाते. चकतीची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते.

ब्रेकच्या धुळीकडे आता प्रदूषण म्हणूनही पाहिले जाते. पॅडमधील तांबे पावसाच्या पाण्यावाटे ओढ्यांत जाऊन जलचरांना अपाय करते, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० च्या कायद्याने त्याचे प्रमाण २०२१ पासून ५ टक्क्यांवर व २०२५ पासून अर्ध्या टक्क्यावर मर्यादित केले. युरोपीय संघाच्या ‘युरो ७’ नियमांत प्रथमच ब्रेकमधून निघणाऱ्या कणांनाही मर्यादा घातलेली आहे.