घनाधारावरील संश्लेषण आणि संयुगसंग्रह

रसायनशास्त्राच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ हा शब्द ग्रंथांच्या नव्हे, तर बहुधा एकाच सांगाड्यावर निरनिराळे गट बसवून सिद्ध केलेल्या संयुगांच्या समुदायालाही लावतात. त्यास येथे ‘संयुगसंग्रह’ म्हणू. असा संग्रह घडविण्याच्या एका प्रमुख रीतीचे मर्म व तिच्या मर्यादा विशद करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

नेहमीच्या संश्लेषणात प्रत्येक पायरीनंतर इष्ट पदार्थ उरलेल्या द्रव्यांपासून वेगळा करावा लागतो, आणि पुष्कळदा विक्रियेपेक्षा शुद्धीकरणातच अधिक काळ जातो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ साली यावर तोड काढली. डायव्हिनिल बेंझिनाने सांधलेल्या पॉलिस्टायरिनच्या बारीक मण्यांना त्यांनी पहिले ॲमिनो अम्ल बंधाने जखडले व त्यावर पुढील अम्ले क्रमाने जोडून चार अम्लांचे पेप्टाइड तयार केले. योग्य विद्रावकात मणी फुगतात, परंतु विरघळत नाहीत. म्हणून विक्रियाकारक मुबलक घालून विक्रिया पूर्णतेस न्यावी आणि मणी गाळून धुवावेत. शिल्लक द्रव्य निघून जाते. अखेरीस बंध तोडला की रेणू मोकळा होतो. या कार्याबद्दल मेरिफील्ड यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेप्टाइडे पोटात गेल्यास बहुधा पाचकरसांनी तुटतात. औषध म्हणून लहान रेणू अधिक सोयीचे. बर्कली येथील ब्यूनिन व एलमन यांनी १९९२ साली याच रीतीने बेंझोडायाझेपिने घडविली. ॲमिनोबेंझोफिनोन, ॲमिनो अम्ल व अल्किलकारक हे तीन घटक बदलत त्यांनी पुढे १९९४ मध्ये १९२ संयुगांचा संग्रह सिद्ध केला.

संख्यावाढीची याहून चतुर युक्ती हंगेरीचे आर्पाद फुर्का यांची. मण्यांचे वीस वाटे करावेत, प्रत्येकास निराळा घटक जोडावा, मग सर्व मणी मिसळून पुन्हा वीस वाटे करावेत. असे तीनदा केले म्हणजे विक्रिया होतात ६०, आणि संयुगे संभवतात २०×२०×२०, म्हणजे ८,०००. प्रत्येक मण्याला दर फेरीत एकच घटक भेटत असल्याने एका मण्यावर एकच संयुग राहते.

येथेच सावध व्हावयास हवे. धुण्याने सुटे द्रव्य जाते, मण्याला चिकटलेला अपुरा रेणू जात नाही. प्रत्येक पायरीचा उतारा ९० टक्के धरला, तरी तीन पायऱ्यांअखेर इष्ट संयुग सुमारे ७३ टक्केच उरते. बाकीची अशुद्धी त्याच्यासमवेतच मोकळी होते. पेप्टाइडात एकच विक्रिया पुनःपुन्हा करावयाची असते. लहान रेणूंत पायरीगणिक विक्रिया बदलते आणि प्रत्येक मण्यांवर नव्याने बसवावी लागते. शिवाय मण्याशी जोडणारा दुवा तुटताना बहुधा एखादा गट रेणूवर मागे ठेवतो. तो राहू नये म्हणून १९९५ साली सिलिकॉनयुक्त दुवे योजण्यात आले.

भाषेच्या अभ्यासकास यात एक परिचित तत्त्व दिसेल. मूठभर वर्णांच्या जुळणीतून अगणित ध्वनिमालिका संभवतात. परंतु त्यांतील थोड्याच शब्द ठरतात. केवळ संख्या वाढविली की औषधे हाती येतील, ही १९९० नंतरच्या दशकातील आशा फलद्रूप झाली नाही, आणि पुढे लहान, शुद्ध, विचारपूर्वक निवडलेल्या संग्रहांकडे संशोधक वळले. जुळणी यंत्रवत् करता येते. कोणती जुळणी करावी, हा विवेक मात्र रसायनज्ञालाच करावा लागतो.