सही केली, वाचलं कुठे?

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. गॅसवर पोहे, कानाला फोन, खाली स्कूलबसचा हॉर्न. लेक डायरी पुढे करते, ‘आई, सही!’ मी सही ठोकते. ऑफिसात दोन ओळींचा मेलसुद्धा तीनदा वाचून पाठवणारी मी, शाळेच्या डायरीत मात्र नुसतीच सही करायचे.

पहिले दोन ओपन हाऊस हुकले. एकदा क्लायंट कॉल, एकदा अप्रेझल. तिसऱ्याला गेले ते भांडायच्याच तयारीनं. दुसरीतल्या मुलीला धड वाचता येत नाही, मग एवढी फी कशाची घेतात? पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे लिहूनही टाकलं होतं. अंगठेही भरपूर मिळाले होते!

मिसनी शांतपणे डायरी उघडली. ‘वर्गात मोठ्यानं वाचत नाही. कृपया येऊन भेटा.’ एकाच टर्ममध्ये चार वेळा. प्रत्येक शेऱ्याखाली माझी झोकदार सही.

‘मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाहीये,’ मिस म्हणाल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग त्यांनी विचारलं, ‘घरी कशी असते ती?’

‘घरी? बडबड थांबत नाही. रोज रात्री आजीला गोष्ट सांगते, वाघाचा आवाज काढून!’

मिसनी हातातलं पेन खाली ठेवलं. हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि वाचताना ती एकदा अडखळली, मुलं हसली, तेव्हापासून तिनं वर्गात तोंडच उघडलं नाही, हे मला माहीत नव्हतं. अर्धी मुलगी त्यांना ठाऊक, अर्धी मला. दोघी आपापल्या अर्ध्यावरून भांडत होतो.

उपाय साधाच निघाला. वर्गात तिनं आधी गोष्ट सांगायची, मग त्यातल्या दोनच ओळी वाचायच्या. घरी रोज दहा मिनिटं आजीला वाचून दाखवायचं. चुकली तरी मध्येच टोकायचं नाही. दर शुक्रवारी डायरीत मिसची एक ओळ, माझी एक ओळ. सहा आठवड्यांनी तिनं वर्गात अर्धं पान वाचलं. अख्खं नाही, अर्धंच. पण त्या संध्याकाळी घरी पावभाजीची पार्टी झाली.

आणि हो, शाळेत आपली जागा फक्त ओपन हाऊसपुरती नसते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं तर शाळेतला प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सदस्य असतो. त्याच्या कार्यकारी समितीत जाण्यासाठी नाव द्यायचं, निवड चिठ्ठ्या टाकून होते. फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. म्हणजे फीबद्दल बोलायची खरी जागा तिथे आहे, ग्रुपवर नाही. मी यंदा नाव दिलंय!

तुम्हीही बिझी आहात? मग एवढं तर जमेलच:

* डायरी रात्री वाचा. सकाळी फक्त सही होते.
* ओपन हाऊसची तारीख कळली की त्याच दिवशी सुट्टी टाका.
* टीचरना ‘मार्क का कमी?’ याआधी ‘वर्गात कशी असते?’ हे विचारा. घरी काय चाललंय, तेही सांगा. नवं बाळ, आजारपण, बदली... मुलं हे सगळं दप्तरातून शाळेत नेतात.
* तक्रार असेल तर आधी मिसशी बोला, ग्रुपशी नंतर.

परवा डायरीत मिसची ओळ होती, ‘आज वर्गात इतकी बोलली, की गप्प बसवावं लागलं!’

सही केली. या वेळी दोनदा वाचून.