आळसाचा आरोप आणि औषधाचा हिशेब

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या तरुण मुलाचे वजन वाढू लागले, की घरची आणि शेजारची मंडळी एकाच निष्कर्षाप्रत येतात. मुलगा दिवसभर मोबाइल घेऊन लोळतो, हातपाय हलवीत नाही, मग दुसरे काय होणार? या निष्कर्षात तथ्यांश मुळीच नाही, असे नव्हे. मात्र वजन नेमके केव्हापासून वाढू लागले, हा साधा प्रश्न विचारला, तर पुष्कळदा उत्तर मिळते ते औषधाच्या चिठ्ठीवरील तारखेत.

छिन्नमनस्कता, उन्माद-अवसाद यांसारख्या विकारांवर जी औषधे दिली जातात, त्यांतील काहींमुळे भूक अनावर होते. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २००९ साली या संदर्भात प्रसिद्ध केलेले आकडे डोळे उघडणारे आहेत. अशी औषधे प्रथमच सुरू झालेल्या ४ ते १९ वर्षे वयाच्या २७२ मुलांची त्यांनी पाहणी केली. अवघ्या ११ आठवड्यांच्या सुमारास ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी ८.५ किलो, क्वेटियापिन घेणाऱ्यांचे ६.१, रिस्पेरिडोन घेणाऱ्यांचे ५.३ आणि अरिपिप्राझोल घेणाऱ्यांचे ४.४ किलो वाढले. औषध न घेतलेल्या छोट्या गटात ही वाढ ०.२ किलो होती. आळस अकरा आठवड्यांत साडेआठ किलोंची मजल मारीत नाही. तो एका औषधाला जास्त आणि दुसऱ्याला कमी अशी निवड तर निश्चितच करीत नाही.

म्हणून औषधच सोडून द्यावे काय? तसे करणे घातक ठरेल. वाढत्या वजनाची लाज वाटून तरुण रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतात आणि आजार पुन्हा उफाळतो, हे मनोविकारतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. दुसरीकडे, गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात आणि त्यांतील बरेच मृत्यू हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या शारीरिक व्याधींनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विशीतल्या मुलापुढे अशी ही कात्री आहे.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपदेश म्हणजे ‘पहाटे उठून पळायला जा’. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी ज्याच्या डोळ्यांवरून सकाळी दहापर्यंत उतरत नाही, त्याला हा सल्ला देणे म्हणजे पाय बांधून शर्यतीत उतरवणे होय. नैराश्यात तर कशातच गोडी उरत नाही. त्यातून अंग सुटलेले, जुने कपडे येईनासे झालेले, आणि मैदानावर ओळखीचे चेहरे. ‘खात्यापित्या घरचा दिसतोस’ हे थट्टेचे वाक्य अशा मुलाला महिनाभर घरात बसवण्यास पुरेसे होते.

आता पडद्याविषयी. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली असे मांडले, की कोणत्याही उपभोगाची खरी किंमत म्हणजे त्यासाठी मोजलेले पैसे आणि खर्ची पडलेला वेळ यांची बेरीज होय. हे सूत्र येथे थोडे ताणून लावावेसे वाटते. मैदानावर जायचे तर वेळ, बूट, रिक्षाभाडे आणि वर लोकांच्या नजरा, असा सारा खर्च आधी करावा लागतो. लाभ हाती येतो तो कित्येक आठवड्यांनी. मोबाइलवरील आणखी एका तासाचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य, आणि विरंगुळा तत्काळ. २०१६ नंतर आपल्या देशात इंटरनेट स्वस्त झाले. मोकळी मैदाने काही स्वस्त झाली नाहीत. अशा बाजारात थकलेले मन काय निवडील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय घराबाहेर पडणे थांबलेल्या मुलाचा मित्रांशी उरलेला एकमेव धागा पुष्कळदा तोच पडदा असतो. रात्री उशिरापर्यंतच्या पडद्याने झोप बिघडते, हे खरेच. पण मोबाइल हिसकावून घेतल्याने मैदान जवळ येत नाही.

मग काय केल्याने येते? याचे एक उत्तर ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बॉन्डाय भागातील मानसिक आरोग्य केंद्राने दिले आणि २०१६ साली ते प्रसिद्ध झाले. पहिल्यांदाच मनोविकाराचा झटका आलेल्या १४ ते २५ वयाच्या तरुणांना तेथे औषधाबरोबरच व्यायामतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि परिचारिका यांचे साहाय्य मिळाले. या आजारातून स्वतः गेलेले तरुण सोबतीला होते. बारा आठवड्यांनी या गटाचे वजन सरासरी १.८ किलो वाढले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटाचे ७.८ किलो. दोन्ही गट मिळून रुग्ण जेमतेम २८ होते, त्यामुळे या आकड्यांवर मोठी इमारत उभारू नये. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे व्यायाम हा उपदेशाचा विषय नव्हता. उपचाराचाच एक भाग म्हणून त्याचा खर्च संस्थेने उचलला होता.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका यांची तरतूद आहे, व्यायामशिक्षकाची नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. परंतु त्या सेवेने वाढवलेले वजन उतरवण्याची जबाबदारी अद्याप रुग्णाच्या आणि त्याच्या आईच्या खात्यावरच मांडलेली दिसते.

नवीन पदांना पैसा नाही, हे उत्तर अपेक्षितच आहे. पण पडून असलेल्या भांडवलाचा हिशेब कोणी मांडतो काय? अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक आहे, थोडीफार साधने आहेत, आणि दुपारी दोन ते चार या वेळेत जिमखाना बहुधा रिकामाच असतो. गुंगी ओसरलेली असते तीही याच वेळी. ज्या विद्यार्थ्याची इच्छा असेल, त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या वेळेत येऊ द्यावे. आजाराचे नाव त्या चिठ्ठीत असण्याचे कारण नाही. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने झाली तरी चालेल, कारण मुळीच न हलण्यापेक्षा थोडे हलणेही हितकर, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाच म्हणतात. रुग्णालयाने आपल्या बाजूने पहिल्या गोळीच्या दिवशी वजन व कंबर मोजून ठेवावी आणि दर महिन्याला पुन्हा मोजावी. काटा फारच पुढे सरकू लागला, तर औषध बदलण्याचा विचार डॉक्टरांना वेळीच करता येईल. त्यासाठी लागणारा वजनकाटा आणि मोजपट्टी दोन्ही प्रत्येक रुग्णालयात आजही आहेत.